माल्टात कमी खर्चात फिरणं आणि हॉस्टेलमध्ये राहणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल्टाबद्दल मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. हिशेबाला १ युरो म्हणजे ढोबळ १०० रुपये धरा. हॉस्टेलचे आणि तिकिटांचे दर मोसमाप्रमाणे हलतात, तेव्हा इथले आकडे अंदाजासाठी आहेत.

१. माल्टा नक्की केवढं आहे? किती दिवस पुरतात?

माल्टा, गोझो आणि कोमिनो ही तीन मुख्य बेटं मिळून देशाचं क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण निम्मं. नकाशा पाहून लोक म्हणतात, "दोन दिवसांत होईल की!" होत नाही. मुख्य बेटाची लांबी जेमतेम २७ किलोमीटर, पण राजधानी व्हालेटाहून उत्तर टोकाच्या चिरकेव्वा धक्क्यापर्यंत बसला सव्वा तास लागतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाच दिवस म्हणजे धावपळ. सात दिवसांत गोझोसह निवांत होतं. इंग्रजी ही तिथली एक राजभाषा आहे, त्यामुळे भाषेवाचून काही अडत नाही.

२. व्हिसा कुठला लागतो? हॉस्टेलच्या बुकिंगवर मिळतो का?

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. प्रौढांना फी ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात जायचं तर पंधरा दिवसांच्या भरवशावर राहू नका, अपॉइंटमेंट मिळण्यातच दिवस जातात. ३०,००० युरोचं संरक्षण देणारा प्रवास विमाही लागतो.

हॉस्टेलचं बुकिंग चालतं. डॉर्ममधली, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतली, खाट आहे म्हणून अर्ज कमी दर्जाचा ठरत नाही. अडचण येते ती नावांची. चार मित्रांपैकी एकानेच चार खाटा बुक केल्या, की पावतीवर त्याचं एकट्याचंच नाव येतं. बाकी तिघांकडे राहण्याचा पुरावा काय? हॉस्टेलला ईमेल करून चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहिलेलं पत्र मागवून घ्या.

३. व्हिसा हातात आल्यावर बुकिंग रद्द करून स्वस्त जागा शोधली तर?

एक हॉस्टेल बदलून दुसरं घेतलं तर कुणी हरकत घेत नाही. सगळं रद्द करून हात हलवत विमानतळावर उतरणं वेगळं. व्हिसा असला तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय सीमेवरचा अधिकारी घेतो. राहणार कुठे, पैसे किती, परतीचं तिकीट कुठे, हे तो विचारू शकतो. नव्या बुकिंगची छापील प्रत जवळ ठेवा. भारतातून माल्टाला थेट विमान नाही. रोम किंवा फ्रँकफर्टमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून हे कागद चेक-इन सामानात टाकू नका.

४. कोणत्या महिन्यात गेलं तर स्वस्त पडतं?

नोव्हेंबर ते मार्च सगळ्यांत स्वस्त. डॉर्मची खाट १२ ते २० युरोंत मिळते. तीच जुलै-ऑगस्टमध्ये ३० ते ४५ वर जाते. माझं मत विचाराल तर एप्रिलचा उत्तरार्ध, मे किंवा ऑक्टोबर. ऑक्टोबरात समुद्र अजून कोमट असतो आणि गर्दी ओसरलेली असते.

हिवाळ्याची एक गोष्ट आपल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. बाहेर १५ अंश, ऊनही पडलेलं, आणि खोलीत मात्र हुडहुडी. घरं पिवळसर चुनखडी दगडाची, छत उंच, फरशी गार, आणि हीटरची सोय जेमतेम. हवेत ओल इतकी की रात्री धुऊन टाकलेले मोजे सकाळी तसेच ओले. स्वेटर बाहेर फिरायला नव्हे, झोपायला न्या.

५. हॉस्टेल कुठल्या भागात घ्यावं?

सगळ्यांत जास्त पैसे वाचतात किंवा जातात ते या एका निर्णयावर. खाट किती युरोला, यापेक्षा ती कुठल्या बसमार्गावर आहे हे आधी बघा.

स्लीमा आणि लगतचं ग्झीरा हे पहिल्यांदा जाणाऱ्यांना सोयीचं. बस भरपूर, समोर व्हालेटाला जाणारी फेरीबोट, सुपरमार्केट चालत. इम्सीदा थोडं स्वस्त आणि बसचं मोठं जंक्शन, पण रस्त्याची वर्दळ अखंड. तिथल्या आणि ग्झीरातल्या काही हॉस्टेलांत कामासाठी आलेली मंडळी महिनोन् महिने राहतात. माणसं चांगली असतात, पण रात्री नऊला स्वयंपाकघरात शेगडी मोकळी मिळत नाही. रिव्ह्यू वाचताना तेवढं बघून घ्या.

सेंट ज्युलियन्समध्ये राहायचं तर पाचेविलपासून अंतर मोजा. पाचेविल म्हणजे क्लबांचा भाग; उन्हाळ्यात पहाटे चारपर्यंत गाण्यांचा दणदणाट थांबत नाही. नाचायला जाणाऱ्यांनी तिथेच राहावं, टॅक्सीचे पैसे वाचतील. झोप प्यारी असणाऱ्यांनी पंधरा मिनिटं चालण्याच्या अंतरावर राहावं.

व्हालेटा सुंदर, १९८० पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि बेटावरच्या बहुतेक बस तिथून सुटतात. खाटा कमी आणि महाग, तरी तीन रात्रींसाठी मी तिथेच राहीन. उत्तरेकडचं बुजिब्बा स्वस्त दिसतं, पण रोज व्हालेटाला येऊन-जाऊन दोन तास जातात. समुद्रकिनारी पडून राहायचं असेल तरच तिकडे.

६. हॉस्टेलमध्ये कधीच राहिलो नाही. नक्की कसं असतं?

खोलीत चार ते बारा खाटा, बहुतेक दुमजली. आपल्याला एक खाट, एक लॉकर. बाथरूम आणि स्वयंपाकघर सामायिक. लॉकरचं कुलूप बहुधा स्वतःचं न्यावं लागतं. टॉवेल भाड्याने मिळतो. माल्टात प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा. आपला गोल पिनांचा बसत नाही, म्हणून अडॅप्टर मुंबईतच घ्या.

शिष्टाचार साधे आहेत. पहाटे निघायचं तर बॅग रात्रीच भरा, प्लास्टिकच्या पिशव्यांची खसखस सगळ्या खोलीला जागं करते. फोनवर बोलायला बाहेर जा. फ्रिजमध्ये डब्यावर नाव आणि तारीख लिहा. फोडणी देताना खिडकी उघडा आणि दार लावून घ्या. धुराचा अलार्म वाजला की सगळी इमारत रस्त्यावर येते.

७. मी मुलगी आहे, एकटीच जाणार आहे. सुरक्षित आहे का?

माल्टा एकटीने फिरायला युरोपातल्या सोप्या जागांपैकी आहे. फक्त मुलींसाठीची डॉर्म बऱ्याच हॉस्टेलांत असते, दोन-चार युरो जास्त पडतात. बुक करताना खोलीचं नाव नीट वाचा. 'मिश्र' लिहिलेलं नजरेतून सुटलं तर आयत्या वेळी बदलून मिळेलच असं नाही. खालची खाट मागून घ्या आणि पडद्याची खाट असेल तर उत्तमच. पाचेविलमध्ये मध्यरात्रीनंतर दारुड्यांचा त्रास होतो, तेवढं टाळावं. आपत्कालीन क्रमांक ११२.

८. आम्ही दोघं साठीचे आहोत. हॉस्टेलमध्ये घेतात का? आणि मुलं बरोबर असली तर?

ज्येष्ठांना बहुतेक ठिकाणी हरकत नसते, मात्र काही हॉस्टेलं डॉर्मसाठी कमाल वय लावतात. नियमांत आधी बघा. १८ वर्षांखालच्यांना डॉर्ममध्ये सहसा घेत नाहीत, पालक बरोबर असले तरी. दोघांनाही उपाय एकच, हॉस्टेलमधली स्वतंत्र खोली. उन्हाळा सोडून ती ४५ ते ६० युरोंत मिळते आणि स्वयंपाकघर वापरता येतं. जुन्या घरांत लिफ्ट नसते आणि जिने अरुंद, गोल, गुळगुळीत झालेले असतात. गुडघे दुखत असतील तर मजला विचारूनच पैसे भरा.

९. एकूण दिवसाला किती खर्च धरावा?

विमान आणि व्हिसा सोडून, हिवाळ्यात ४० ते ५० युरो, भर उन्हाळ्यात ६५ ते ७५. यात खाट, बस, एक जेवण बाहेर आणि एक स्वतः केलेलं, आणि अधूनमधून एखादं तिकीट बसतं. हॉस्टेलवर प्रौढांकडून दर रात्रीचा छोटा पर्यावरण कर वेगळा घेतात. २०१६ मध्ये तो अर्ध्या युरोने सुरू झाला. बुकिंगच्या रकमेत तो बहुधा धरलेला नसतो, म्हणून 'जास्तीचे पैसे मागितले' अशी तक्रार करण्याआधी अटी वाचा.

१०. बस खरंच फुकट आहे का?

फुकट आहे ती तिथल्या रहिवाशांना, नाव असलेल्या कार्डावर, ऑक्टोबर २०२२ पासून. पर्यटकांना नाही. रोख तिकीट उन्हाळ्यात अडीच युरो, हिवाळ्यात दोन, रात्रीच्या बसला तीन. ते दोन तास चालतं आणि तेवढ्या वेळात बस बदलता येते. आठवडाभर राहणार असाल तर सात दिवसांचा पास घ्या. बारा फेऱ्यांचं कार्ड मिळतं, ते दोघा-तिघांत वाटून वापरता येतं. कमी फिरणाऱ्या जोडप्याला तेच परवडतं.

थांब्यावर नुसतं उभं राहून बस थांबत नाही, हात करावा लागतो. उन्हाळ्यात भरलेली बस हात करूनही थांबत नाही, मग दुसरी, मग तिसरी. म्हणून शक्य असेल तेव्हा व्हालेटाच्या वेशीबाहेरच्या, ट्रायटन कारंज्याजवळच्या स्थानकावरूनच चढा. ड्रायव्हरला गावाचं नाव सांगताना लक्षात ठेवा की माल्टीजमध्ये एक्स अक्षराचा उच्चार 'श' होतो: मार्साश्लोक, श्लेंडी.

११. शाकाहारी माणसाचं कसं होतं?

बरं होतं. स्वस्तातलं पहिलं अन्न म्हणजे पास्तित्सी, पापुद्र्याचा होडीसारखा पदार्थ, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. रस्त्यावर उघडणाऱ्या काउंटरवरून कागदात गुंडाळून देतात, एक युरोच्या आत किंवा जेमतेम वर. कागदावर तुपकट डाग पसरेपर्यंत संपवायचा, आणि शर्टावर पापुद्रे सांडणारच. रबात गावातल्या 'क्रिस्टल पॅलेस'ला गर्दी असते ती उगाच नाही. मात्र पारीच्या पिठात काही ठिकाणी डुकराची चरबी वापरतात, त्यामुळे कडक शाकाहारी असाल तर विचारूनच घ्या.

बिगिल्ला हा वाल-घेवड्याच्या जातीच्या दाण्यांचा वाटलेला लसणीचा लगदा, पावाला लावून छान लागतो. होब्झ बिझ-झेत म्हणजे टोमॅटो चोळलेला तेलाचा पाव. त्यात ट्यूना घालतात, 'ट्यूना नको' आधीच सांगा. भारतीय किराणा ग्झीरा-इम्सीदाच्या बाजूला मिळतो, मग हॉस्टेलच्या शेगडीवर खिचडी लावायला काय अडचण?

१२. घरून खायला काय नेता येतं? तूप, पेढे, हापूस?

तिन्ही नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांसाचे आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खवा, श्रीखंड सगळं बाद. ताज्या फळांना आणि भाज्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. त्यातून सूट अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांनाच आहे. हापूसची पेटी विमानतळावरच राहील, कढीपत्त्याची जुडीसुद्धा. मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी, पोहे, तेलात केलेली बाकरवडी यांना अडचण नाही.

१३. नळाचं पाणी पितात का?

पितात, सुरक्षित आहे. बेटावर नद्या नाहीत, त्यामुळे निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं गोडं केलेलं. चव मात्र जिभेला पटत नाही. बाटली घेतलीत तर २०२२ पासून प्रत्येक बाटलीमागे १० सेंट अनामत आहे. सुपरमार्केटबाहेरच्या यंत्रात रिकामी बाटली टाकली की परत मिळते.

१४. फुकटात काय बघता येईल, आणि पैसे कशावर घालवावेत?

व्हालेटातल्या अप्पर बराक्का बागेतून ग्रँड हार्बर हे बंदर बघायला पैसे पडत नाहीत. दुपारी बाराला खालच्या तोफखान्यातून सलामीची तोफ उडते, तीही वरून फुकट दिसते. तटबंदीतलं जुनं इम्दीना, डिंगलीचे कडे, मार्साश्लोकचा रविवारचा मासळीबाजार आणि नाकावर डोळे रंगवलेल्या होड्या, सगळं बसच्या तिकिटात.

पैसे दोन गोष्टींवर घालवा. एक, व्हालेटातलं सेंट जॉन्स को-कॅथेड्रल, साधारण १५ युरो. आत इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ मधलं 'सेंट जॉनचा शिरच्छेद' आहे, त्याने सही केलेलं एकमेव चित्र. सही आहे ती चित्रातल्या रक्तात. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. दुसरी, पाओला गावातलं हाल साफ्लीनीचं हायपोजियम, पाच हजार वर्षांपूर्वीचं जमिनीखाली कोरलेलं दफनस्थान. एका वेळी दहाच माणसं आत सोडतात, तिकीट ३५ युरोच्या घरात आणि उन्हाळ्यात ते कित्येक आठवडे आधी संपतं. व्हिसा आला की आधी हे तिकीट काढा, बाकी सगळं नंतर.

१५. ब्लू लगूनला जाण्यासाठी आता परवानगी लागते म्हणे?

हो. २०२५ पासून कोमिनोच्या ब्लू लगूनवर उतरायला आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते. नोंदणीला पैसे नाहीत, पण बोटीचं तिकीट वेगळं, येऊन-जाऊन १५ युरोच्या आसपास. बोटवाल्याने तिकीट विकलं म्हणजे नोंदणी झाली असं समजू नका, स्पष्ट विचारा. सावली नाही. छत्री-खुर्चीचं भाडं हॉस्टेलच्या खाटेइतकं असू शकतं.

१६. गोझोला एक दिवस पुरतो की राहावं?

दोन रात्री राहा. गोझोत हॉस्टेलं कमी, पण जुन्या दगडी घरांतल्या खोल्या हिवाळ्यात माल्टातल्या डॉर्मपेक्षा फार महाग नसतात. जिगान्तीयाची देवळं पिरॅमिडांहून जुनी. रामलाची तांबूस वाळू, श्वेनीची मिठागरं, व्हिक्टोरियातला किल्ला, हे बसच्या वेळापत्रकात एका दिवसात कोंबता येत नाही, कारण बहुतेक बस तासाला एकच.

मोठी फेरीबोट चिरकेव्वाहून २५ मिनिटांत गोझोच्या इम्जार बंदराला नेते. जाताना तिकीट काढावंच लागत नाही. परतताना जाण्यायेण्याचे मिळून ४.६५ युरो घेतात. बोट रात्रीही चालते, म्हणून शेवटच्या बोटीची धास्ती नको. धास्ती बसची ठेवा. व्हालेटाहून सुटणारी जलद बोट पाऊण तासात पोहोचते, तिचं तिकीट दोन्ही वेळा वेगळं.

'अझुर विंडो'ची समुद्रातली खडकाची कमान बघायला मात्र जाऊ नका. ८ मार्च २०१७ च्या वादळात ती कोसळली, पोस्टकार्डांवर अजून उभी आहे.

१७. पोहता येत नाही. समुद्राचा काही उपयोग?

वाळूचे उथळ किनारे निवडा. मेल्लीहाचा उपसागर बराच लांबवर कमरेइतकाच खोल आहे. स्लीमाला वाळू नाही; खडकातून लोखंडी शिडी थेट खोल पाण्यात उतरते, तिथे हौस नको. गोल्डन बे आणि शेजारच्या आयन तुफ्फीहाला वाऱ्याच्या दिवशी ओढ जबर असते, लाल बावटा दिसला की काठावर बसा. वायव्येचा वारा असेल तर बेटाची पूर्व-दक्षिण बाजू शांत असते. निघण्याआधी वाऱ्याची दिशा बघणं हा तिथल्या माणसांचा रोजचा रिवाज आहे. जांभळा बावटा म्हणजे जेलीफिश.

१८. हॉस्टेलमध्ये काम करून फुकट राहता येतं असं ऐकलं. टुरिस्ट व्हिसावर चालेल का?

नाही. पगाराऐवजी खाट आणि नाश्ता मिळाला तरी ते कामच धरलं जातं. कामासाठी वेगळा परवाना लागतो, तो 'इदेन्तिता' या सरकारी संस्थेकडून मिळतो. 'आधी फिरायला जा, मग आम्ही तिथे काम लावून देतो' असं सांगून लाखभर रुपये मागणारे एजंट आपल्याकडेही आहेत. त्यांना एक छदामही देऊ नका.

१९. माझा भाऊ माल्टात नोकरी करतो. त्याच्याकडेच राहिलो तर हॉस्टेलचं बुकिंग लागेल का?

सगळे दिवस त्याच्याकडे राहणार असाल तर नाही, पण त्याच्याकडून राहण्याची हमी देणारी कागदपत्रं लागतील. बरेच भारतीय तिथे तिघे-चौघे मिळून भाड्याने राहतात आणि घरमालक पाहुण्यांना परवानगी देतोच असं नाही. कागद मिळत नसतील तर सरळ हॉस्टेल बुक करा आणि अर्जात तेच लिहा. लिहायचं एक आणि राहायचं दुसरीकडे, हे करू नका. नावांची भानगड प्रश्न २ मध्ये आहे.

२०. सिसिली जोडून करता येईल का? व्हिसा पुन्हा लागेल का?

सिसिली हे इटलीचं बेट, आणि दोन्ही शेंगेनमध्येच आहेत, एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो. व्हालेटाहून सिसिलीतल्या पोझालोला जलद बोट पावणेदोन तासांत जाते, पासपोर्ट जवळ लागतो. मेख अर्जात आहे. जिथे जास्त रात्री, त्या देशाकडे अर्ज. रात्री सारख्या असतील तर जिथे आधी प्रवेश, त्या देशाकडे. माल्टात पाच आणि सिसिलीत सहा रात्री असतील तर अर्ज इटलीकडे जाईल. समुद्र खवळला की बोट रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाच्या दिवशीचीच बोट घेऊ नका, मध्ये एक रात्र ठेवा.

२१. विमान रात्री दीडला उतरतं. हॉस्टेलचं दार उघडं असेल का?

बुकिंगमध्ये 'चोवीस तास रिसेप्शन' असेल तरच. बऱ्याच छोट्या हॉस्टेलांचं टेबल रात्री दहा-अकराला बंद होतं आणि दाराचा कोड ईमेलवर येतो. तो ईमेल विमानात बसण्याआधी उघडून कोडचा स्क्रीनशॉट घ्या. त्या वेळी बस विरळ असतात. बोल्ट किंवा ईकॅब्स ॲपवरून टॅक्सीने स्लीमापर्यंत १५ ते २५ युरो पडतात. येण्याची वेळ न कळवता मध्यरात्रीनंतर पोहोचलात तर काही ठिकाणी आलाच नाहीत असं धरून खाट दुसऱ्याला देतात. चेक-इनच्या तारखेतही गफलत होते. विमान १० तारीख लागल्यावर रात्री दीडला उतरत असेल, तर खाट ९ तारखेपासून बुक करायची.